मणक्यातील स्टिरॉइड इंजेक्शन : भीती किती खरी?

‘मणक्यात सुई टोचली की पाय कायमचे जातात म्हणे, खरे का?’ सायटिकेच्या रुग्णांचे आप्त आम्हांस हे विचारतात, तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेणे आम्हांस योग्य वाटत नाही. ही भीती सर्वस्वी निराधार नाही.

मणक्यांमधील गादी सरकून नसेचे मूळ दाबले गेले की तेथे दाह निर्माण होतो आणि कळ कमरेतून पायात उतरते. स्टिरॉइड हा दाह शमविते. औषध मज्जारज्जूत नव्हे, तर त्याच्या आवरणाबाहेरील पोकळीत सोडले जाते. आराम बहुधा काही आठवड्यांचाच असतो; सरकलेली गादी त्याने जागेवर येत नाही. परंतु तेवढ्या अवधीत रुग्ण झोपू लागतो, चालू लागतो, आणि अनेकांच्या बाबतीत ती गादी कालांतराने आपोआप आक्रसते.

आता धोक्याविषयी. दृष्टिनाश, पक्षाघात, क्वचित मृत्यूही संभवतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली या औषधांच्या माहितीपत्रकावर छापणे बंधनकारक केले. काही स्टिरॉइडे कणयुक्त असतात. मानेजवळ ती चुकून मज्जारज्जूच्या सूक्ष्म धमनीत शिरल्यास रक्तपुरवठा खुंटू शकतो. म्हणून तेथे डेक्सामेथासोनसारखे कणविरहित औषध श्रेयस्कर, आणि सुईचे टोक सी-आर्मच्या पडद्यावर, रंगद्रव्य सोडून, पाहून घेणे अगत्याचे. सी-आर्म यंत्राची किंमत पाहून दचकणाऱ्या देणगीदारांनी हे कारण ध्यानी घ्यावे, ही विनंती.

दुसरा धोका कुपीतला. २०१२ साली अमेरिकेत बुरशीने दूषित झालेल्या स्टिरॉइडच्या कुप्यांमुळे ७५० हून अधिक लोक आजारी पडले व ६० हून अधिक दगावले. तेथे सुई टोचणाऱ्या हातांचा दोष नव्हता. औषध बनविणाऱ्या जागेची स्वच्छता ढळली होती. स्वस्तातली कुपी घेण्याचा मोह म्हणूनच महाग पडतो.

उर्वरित सावधगिरी कुटुंबीयांच्या हाती आहे. मधुमेहींची साखर या इंजेक्शनानंतर काही दिवस वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आवरणाबाहेर रक्त साकळून नसा दबू शकतात; ती गोळी लपवू नये, तशीच स्वतःच्या मनाने बंदही करू नये. ताप, मान आखडणे, वाढती डोकेदुखी, पाय लुळे पडणे वा लघवी अडणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता रुग्णास त्याच रात्री घेऊन यावे.