चुकीच्या बाजूची टाळी

आपल्या लातूर-नांदेडकडं चुरस पाहावी ती कुस्तीच्या फडात. १९८२ साली उसाचं बेणं बघायला आम्ही चौघं कोल्हापूरला गेलो, तर तिथं तालमींचे चक्क फुटबॉलचे संघ! १९४० सालची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन हे सामने भरवते.

शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठेतली पाटाकडील तालीम आणि शिवाजी पेठेतलं शिवाजी तरुण मंडळ यांची गाठ होती. जागा दिसली तिथं आम्ही टेकलो. गोल झाला, तसा मी उठून जोरात टाळ्या वाजवल्या. भोवती सगळे चिडीचूप. बसलो होतो शिवाजी पेठेच्या माणसांत, अन् गोल पाटाकडीलचा!

मारामारीनं सामने बंद पडल्याचं ऐकून होतो. पोटात गोळाच आला. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?"

"लातूरकडचे."

"मग बसा. पर आता टाळी आमच्या गोलाला राखून ठेवा." वर मूठभर शेंगाही दिल्या.

तो गोल काही फिटला नाही. म्हाताऱ्यानं डोळे पुसले, धोतर झटकलं आणि आम्हाला एस.टी. स्टँडच्या वाटेला लावायला स्वतः आला. वाटेत मात्र एक शब्द बोलला नाही.