राखीव संघ आणि राखीव फौज

मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहराच्या रहिवाशाला तेथील बोलीत ‘तापातिओ’ म्हणतात. आपण पुणेकर किंवा नागपूरकर म्हणतो, तसाच हा शब्द. त्या शहरातील ‘ग्वादालाहारा’ या नामांकित फुटबॉल क्लबाने आपल्या राखीव संघाला हेच नाव दिले आहे. १९०६ साली या क्लबाची स्थापना करण्यात पुढाकार होता तो एडगर एव्हरार्ट या बेल्जियन गृहस्थाचा. परंतु पुढे क्लबाने फक्त मेक्सिकन खेळाडूंनाच संघात घेण्याचा दंडक स्वीकारला आणि आजतागायत तो पाळला आहे. चाहते प्रेमाने ‘चिवास’ म्हणतात, त्या या क्लबाच्या लोकप्रियतेचे रहस्य बऱ्याच अंशी या दंडकात आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर ही स्वेच्छेने स्वीकारलेली आयातबंदी आहे. प्रतिस्पर्धी क्लब अर्जेंटिना, उरुग्वे किंवा कोलंबियातून तयार खेळाडू आणू शकतात; चिवासला ती वाट बंद आहे. देशातल्या देशात खेळाडू विकत घ्यावा, तर विकणाऱ्यालाही ठाऊक असते की या ग्राहकाला दुसरे दुकान नाही. साहजिकच किंमत चढते. उरतो तो एकच मार्ग, घरीच खेळाडू घडवण्याचा. तापातिओ हा त्या कारखान्याचा शेवटचा विभाग आहे. पोरवयात दाखल झालेला मुलगा येथे प्रौढांच्या स्पर्धेत प्रथम उतरतो आणि त्याचा कस लागतो.

आयात-पर्यायीकरण हा शब्द भारतीय वाचकाला नवा नाही. मेक्सिकोनेही दुसऱ्या महायुद्धानंतर तीनएक दशके हेच धोरण राबवले. १९८२ च्या कर्जसंकटानंतर मात्र त्याने दिशा बदलली आणि १९९४ साली अमेरिका व कॅनडा यांच्याशी मुक्त व्यापाराचा करार अमलात आणला. या अनुभवाचा धडा असा की, बाल्यावस्थेतील उद्योगाला संरक्षण द्यावे, पण एक दिवस त्याला खुल्या स्पर्धेत उतरावे लागेल ही जाणीव जिवंत ठेवावी. ती जाणीव गेली की संरक्षणाचे रूपांतर आळसात होते.

या कसोटीवर २०२० सालचा निर्णय तपासून पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी मेक्सिकोतील पहिल्या श्रेणीच्या क्लबांनी बढती आणि पदावनतीची पद्धत काही वर्षांसाठी स्थगित केली. जुनी दुय्यम स्पर्धा गुंडाळून ‘लीगा दे एक्स्पान्सिओन’ नावाची नवी स्पर्धा उभी करण्यात आली. तळाच्या क्लबांनी खाली जाण्याऐवजी दंड भरावा अशी योजना झाली. पुढील काही हंगामांत शेवटच्या तिघांसाठी हा दंड ८ कोटी, ४ कोटी ७० लाख आणि ३ कोटी ३० लाख पेसो असा होता. म्हणजे अपयशाची किंमत रोखीने चुकती करण्याची सोय झाली. महासाथीच्या काळात डबघाईला आलेल्या छोट्या क्लबांना आधार हवा होता, हे समर्थन अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. परंतु आधार देताना शिडीच काढून घेतली गेली. त्याविरुद्ध दुय्यम श्रेणीतील काही क्लबांनी २०२५ साली थेट लोझान येथील क्रीडा लवादाकडे दाद मागितली.

तापातिओ या नव्या स्पर्धेत पहिल्यापासून खेळला आणि २०२३ च्या उत्तरार्धस्पर्धेचे, म्हणजे ‘क्लाउसुरा’चे विजेतेपद त्याने पटकावले. मूळ क्लब ज्या श्रेणीत खेळतो तेथे त्याच्या राखीव संघाला जाता येत नाही. त्यामुळे त्याच्या दृष्टीने संघाची बढती हा प्रश्न कधीच नव्हता. तेथे बढती मिळते ती व्यक्तीला. तथापि, प्रतिस्पर्ध्यांनाही गमावण्यासारखे वा कमावण्यासारखे फारसे उरले नाही, तर त्या सामन्यांतून तरुणाला मिळणारे शिक्षण किती खरे, ही शंका राहतेच.

व्यक्तीची बढती तरी कितपत सुकर असते? हाविएर हर्नांदेझ या ‘चिचारितो’चे उदाहरण बोलके आहे. वडील आणि आजोबा दोघेही मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले. स्वतः तो लहानपणीच चिवासमध्ये दाखल झालेला. २००६ साली मुख्य संघातून पदार्पण करताना त्याने गोल नोंदवला. पण पुढे दोन-तीन वर्षे संधी अशी मिळेचना. त्या काळात तो व्यवसाय व्यवस्थापनाचे शिक्षण घेत होता आणि खेळ सोडून द्यावा या विचारापर्यंत आला होता. २०१० साली मँचेस्टर युनायटेडने त्याला करारबद्ध केले तेव्हा जगाला त्याचे नाव कळले. तो टिकला म्हणून ही कथा झाली. जे तेवढ्यावरच थांबले त्यांची नावे कोणास ठाऊक आहेत? मैदानावर जागा अकराच असतात आणि दरवर्षी मुलांची नवी तुकडी तयार होत असते. मार्क्सने बेकारांच्या ‘औद्योगिक राखीव फौजे’चे वर्णन केले आहे. राखीव संघाकडे पाहताना ते आठवल्याखेरीज राहत नाही.

येथे क्लबाची बाजूही ऐकली पाहिजे. दहा मुलांवर वर्षानुवर्षे खर्च करावा, एक हाताशी यावा आणि त्यालाच शेजाऱ्याने उचलून न्यावे, तर खर्च करणार कोण? गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली ‘मानवी भांडवला’वरील ग्रंथात ही अडचण मांडली होती. जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक आपण होऊन सोसत नाही. फुटबॉलचे कौशल्य नेमके याच जातीचे आहे.

मेक्सिकन क्लबांनी यावर शोधलेला उपाय मात्र सभ्यपणाचा नव्हता, जरी त्याला नाव ‘सभ्य गृहस्थांचा करार’ असे होते. खेळाडूची मुदत संपली तरी जुन्या क्लबाच्या संमतीवाचून इतरांनी त्याला घ्यायचे नाही, असा हा अलिखित संकेत. २०२१ साली मेक्सिकोच्या त्या वेळच्या केंद्रीय आर्थिक स्पर्धा आयोगाने या ‘रोखून धरण्याच्या हक्का’बद्दल, तसेच महिला खेळाडूंच्या वेतनावर संगनमताने मर्यादा घातल्याबद्दल १७ क्लब, फुटबॉल महासंघ आणि आठ व्यक्ती यांना मिळून १७ कोटी ७६ लाख पेसोंचा दंड ठोठावला. श्रमबाजारात मालकांनी एकजूट केली की मजुरीचे काय होते, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणते पाठ्यपुस्तक सांगेल?

आश्चर्य याचे की न्याय्य उपाय उपलब्ध होता. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या २००१ च्या नियमांनुसार, खेळाडूच्या करारकाळात दुसऱ्या क्लबाने मोबदला देऊन त्याला घेतले, तर त्या रकमेचा पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत विभागला जातो. प्रशिक्षणाच्या भरपाईचीही वेगळी तरतूद आहे. या रकमा अपुऱ्या असतील तर त्या वाढवाव्यात. तत्त्व मात्र अचूक आहे. शिक्षणाचा खर्च हे एका क्लबाचे दुसऱ्या क्लबाकडील येणे आहे. ते मुलाच्या स्वातंत्र्यातून वसूल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तापातिओसारखा संघ ही मूलतः चांगली संस्था आहे. स्वदेशी खेळाडूंवर विसंबण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या क्लबाने ती निगुतीने चालवावी यात त्याचाही लाभ आहे. पण अशा संस्थेला दोन दरवाजे हवेत. एक वर नेणारा आणि दुसरा बाहेर पडण्याचा. बाहेर पडणाऱ्याच्या हाती दुसऱ्या क्लबात खेळण्याची मोकळीक हवी. निदान पोट भरता येईल एवढे शिक्षण तरी हवे. संघाचे यश विजेत्याच्या चषकावरून मोजले जाते, ते मोजले जावो. संस्थेचे यश मात्र, मुख्य संघात कधीच न पोचलेला मुलगा तिशीत काय करीत आहे, यावरूनच मोजावे लागेल.