मुंबई अग्निशमन दलाचे स्मारक, भायखळा

मुंबई अग्निशमन दलाच्या भायखळा येथील मुख्यालयातील हे स्मारक १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडलेल्या ६६ अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ उभारलेले आहे. ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजाला लागलेली आग विझवताना त्यांना मरण आले.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघालेले हे जहाज कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईस पोहोचले. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. सोन्याच्या विटाही होत्या. कराचीत त्यात कापसाच्या गासड्या आणि तेलाची पिंपे भरण्यात आली. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात इतकी जवळजवळ ठेवणे हा युद्धकालीन घाईचा परिणाम होता. शांततेच्या काळात अशी भरणी क्वचितच मान्य झाली असती. स्फोटके वाहणाऱ्या जहाजावर लावावयाचा लाल बावटाही त्यावर नव्हता.

घटना

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास जहाजातून धूर येताना दिसला. बंब आले, जवानांनी शेकडो टन पाणी आत सोडले. परंतु दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. जहाज खोल समुद्रात ओढून न्यावे की गोदीतच बुडवावे, याविषयी अधिकाऱ्यांचे एकमत होईना. या विलंबाची किंमत प्रत्यक्ष नळी धरून उभ्या असलेल्यांनी मोजली. उष्णतेने जहाजातील पाणी उकळू लागले, तरी ते हटले नाहीत. पावणेचारनंतर जहाज सोडण्याचा आदेश निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला.

‘फोर्ट स्टिकिन’ नष्ट झाले आणि आसपासच्या अनेक जहाजांची हानी झाली. ‘जलपद्मा’ हे जहाज तर पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर फेकले गेले. जळता कापूस व लाकूड गोदीलगतच्या वस्त्यांवर कोसळले. एकूण मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत दिले जातात; सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. अग्निशमन दलाचे ८३ जण जखमी झाले. युद्धकालीन सेन्सॉरमुळे वृत्तपत्रांना सविस्तर बातमी देण्याची मुभा मे महिन्यात मिळाली. तत्पूर्वी जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने ती जगाला सांगितली होती.

स्मरण

दरवर्षी १४ एप्रिल रोजी भायखळ्यात या जवानांना मानवंदना दिली जाते. हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. धाराशिवसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यांत, जिथे जुनी माणसे आजही या दलाला ‘बंबवाले’ म्हणतात, तिथल्या विद्यार्थ्यांना या सप्ताहाचे मूळ एका जहाजाच्या आगीत आहे हे सहसा ठाऊक नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंतीही याच तारखेस येते.