पर्यावरणाची पदवी आणि शेकडो पानांचा अहवाल

आपल्याकडे बहुतेकांची पर्यावरण या विषयाशी ओळख होते ती कॉलेजातल्या सक्तीच्या पेपरातून. प्रोजेक्टची वही लिहायची, सरांची सही घ्यायची, पास व्हायचं आणि विसरून जायचं. त्यामुळे बीएस्सी झालेली मुलगी ‘मला पर्यावरण धोरण आणि व्यवस्थापनात पुढे शिकायचंय’ म्हणाली, की घरच्यांना वाटतं, ही आता झाडं लावत फिरणार. खरं तर या शिक्षणाचा गाभा आहे निर्णय. खाणीला परवानगी द्यायची का, द्यायची तर कुठल्या अटींवर, त्या अटी पाळल्या जातात की नाही हे कोणी बघायचं, आणि विहिरी आटल्या तर भरपाई कोणी द्यायची.

हे निर्णय आपल्या देशात ज्या कागदावर उभे राहतात तो म्हणजे पर्यावरण परिणाम मूल्यांकन अहवाल. सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘ईआयए’. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९४ साली त्याची पहिली अधिसूचना निघाली. सध्याची व्यवस्था उभी आहे ती १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेवर. प्रकल्पाची छाननी, अभ्यासाची व्याप्ती, लोकांचं म्हणणं आणि शेवटी तज्ज्ञ समितीचं मूल्यमापन, असे त्यात टप्पे आहेत. जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, तीही स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रासह. कामकाजाचं चित्रीकरण होतं. गणसंख्येची अट मात्र नाही. पाच माणसं आली तरी सुनावणी झालीच. गावकऱ्यांना मराठीत मिळतो तो सारांश. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि बहुधा इंग्रजीत. मांडवात बसलेल्यांपैकी तो कितीजणांनी वाचलेला असतो? तो वाचून, समजून, उभं राहून नेमका प्रश्न विचारणारी माणसं घडवणं, हे या पदव्युत्तर शिक्षणाचं पहिलं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

नेमका प्रश्न म्हणजे काय, ते गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या खटल्यात दिसतं. पेडणे तालुक्यातल्या पठारावरच्या या प्रकल्पाला ऑक्टोबर २०१५मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१८मध्ये ती कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे चर्चा येऊन ठेपली ती ‘फॉर्म १’ या अगदी सुरुवातीच्या अर्जावर. प्रकल्पापासून १५ किलोमीटरच्या हवाई अंतरात संवेदनशील क्षेत्रं कोणती, असं हा अर्ज विचारतो. राखीव जंगलं आणि पलीकडे सिंधुदुर्गातली संवेदनशील क्षेत्रं या टापूत येत होती. अर्जात त्यांची माहिती दिलेली नव्हती. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. हेमंत गुप्ता यांच्या खंडपीठाने मार्च २०१९मध्ये मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला सांगितलं. पुढे जादा अटी लागल्या, जानेवारी २०२०मध्ये स्थगिती उठली, अटींच्या पालनावर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेची देखरेख आली. जानेवारी २०२३पासून तिथून विमानं उडू लागली. विमानतळ शेवटी झालाच म्हणून हा खटला वाया गेला असं मी मानत नाही. अर्जात खरी माहिती देणं हा उपचार नाही, मंजुरीचा पायाच तो आहे, हे त्यातून देशभरासाठी ठरलं. हा निकाल पहिल्या सत्रातच वाचायला द्यावा.

अहवालातली माहिती खरी आणि पुरी आहे का, हे ओळखायला विज्ञान लागतं. बहुतेक प्रकल्पांसाठी पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी पुरेशी धरली जाते. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातला जांभ्या दगडाचा सडा डोळ्यांसमोर आणा. एप्रिलमध्ये तिथे काळा, तापलेला कातळ असतो. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, अहवालात ‘पडीक जमीन’. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की त्याच कातळाच्या खळग्यांत दीपकाडी फुलते, पुढे सीतेची आसवं आणि कीटक खाणारी दवबिंदू उगवते. सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीला मिळतं. उन्हाळ्यातल्या पाहणीत यातलं काहीच दिसत नाही. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलाला ही उणीव चटकन कळते. ती नियमाच्या भाषेत कशी मांडायची, हे त्याला धोरणाच्या वर्गात शिकावं लागतं.

आणि अर्थशास्त्र? तेही हवंच, कारण अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचं बिल प्रकल्पाचा मालकच भरतो. असा पैसा माहितीवर काय परिणाम करतो, याचा फार मोलाचा अभ्यास आपल्या शेजारी गुजरातेत झाला. तिथे कारखान्यांच्या प्रदूषणाचं ऑडिट बाहेरचे तपासनीस करत, पण त्यांना नेमायचा आणि पैसे द्यायचा तो कारखानाच. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी अहमदाबाद-सुरत भागातल्या काही कारखान्यांसाठी ही रीत बदलून पाहिली. तपासनीस कोण ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, पैसे एका सामाईक निधीतून द्यायचे, आणि काही मोजण्या पुन्हा करून पडताळायच्या. जुन्या रीतीत आकडे मर्यादेच्या जेमतेम खाली गोळा होत. नव्या रीतीत तपासनीस खरं लिहू लागले आणि कारखान्यांचं प्रदूषणही घटलं. २०१३ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कायदा तोच, यंत्रं तीच. बदलली ती फक्त नेमणुकीची, पैशांची आणि पडताळणीची वाट. ईआयएच्या बाबतीतही हीच वाट बदलायला हवी, आणि ती मागणी अभ्यासकांनी लावून धरायला हवी.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव या शिक्षणाची दुसरी बाजू दाखवतं. तिथे गावाचे अभ्यासगट आहेत. विषय आधी तिथे समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचं. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. लोक सामाईक साधनसंपत्ती स्वतःच्या नियमांनी सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेही २००९मध्येच. ऑस्ट्रॉम वाचायच्या तर मेंढ्याला जाऊन यावं.

शिकायचं कुठे? डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत पर्यावरण व्यवस्थापनाची एमएस्सी आहे. दिल्लीचं ‘टेरी’, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था ही ठिकाणं मराठी मुलांना आधीच माहीत आहेत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी प्रकाश गोळे यांनी सुरू केलेल्या पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचा अभ्यासक्रम जरूर पाहावा. परदेशात येलची पदवी दोन वर्षांची, लंडनच्या इम्पीरियलची एका वर्षाची. त्यासाठी कर्ज काढणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तिथला कायदा तिथलाच असतो. परत येऊन २००६ची अधिसूचना वाचावीच लागते. नोकऱ्या सल्लागार कंपन्यांत, महापालिकांत, स्वयंसेवी संस्थांत आहेत. ‘सेबी’ने २०२२-२३पासून शेअर बाजारात नोंदलेल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केल्यापासून कंपन्यांतही मागणी वाढली आहे.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. इथले विद्यार्थी जनसुनावणीला जातात का, आणि खरा अहवाल घेऊन त्यावर लेखी हरकत लिहायचा सराव होतो का, हे दोन प्रश्न विचारा. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर जा आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या प्रकल्पाचा अहवाल काढून वाचा. तुमच्या ओळखीच्या ओढ्याबद्दल, डोंगराबद्दल त्यात काय लिहिलंय ते पाहा. पन्नास पानांनंतरही पेन्सिल हातात असेल आणि समासात प्रश्न वाढत असतील, तर अर्ज नक्की भरा.