विश्लेषण : दहावीचे साठ टक्के तेव्हाचे आणि आताचे… निकाल, कट-ऑफ आणि अकरावी प्रवेशाचे गणित कसे बदलले?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक संवाद हमखास होतो. ‘आमच्या वेळी साठ टक्के म्हणजे पेढे वाटायचे,’ असे आजोबा म्हणतात आणि ८८ टक्के मिळवलेली नात हव्या त्या कॉलेजचा कट-ऑफ पाहून हिरमुसलेली असते. दोघांचेही बरोबर असते. कारण गेल्या ५० वर्षांत परीक्षेचे स्वरूप, गुण मोजण्याची पद्धत, निकाल कळण्याचे साधन आणि कॉलेजात शिरण्याचा रस्ता हे सगळेच बदलले आहे. हे बदल कसे झाले आणि आज ८८ टक्क्यांचा नेमका अर्थ काय घ्यायचा, याविषयी…

महाराष्ट्रात ‘कॉलेज’ अकरावीपासूनच का सुरू होते?

देशातील अनेक राज्यांत आणि केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावी-बारावी हा शाळेचाच भाग असतो. मुले त्याच इमारतीत, त्याच गणवेशात आणखी दोन वर्षे काढतात. महाराष्ट्रात मात्र दहावी झाली की शाळा सुटली आणि ‘कॉलेज’ सुरू झाले, असेच मानले जाते. याचे मूळ जुन्या पद्धतीत आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. न्या. महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून मॅट्रिक हाच कॉलेजचा उंबरठा होता. पुढे मॅट्रिकची जागा एसएससीने घेतली, तरी ही परीक्षा अकरावीच्या शेवटी होत असे आणि ती उत्तीर्ण झालेला विद्यार्थी थेट महाविद्यालयात जाई.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचवला. महाराष्ट्राने तो स्वीकारल्यावर १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. मधल्या दोन वर्षांसाठी ‘कनिष्ठ महाविद्यालय’ ही नवी पायरी तयार झाली. त्यातील काही वर्ग शाळांना जोडले गेले, काही वरिष्ठ महाविद्यालयांना. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच आवारात वावरू लागली. गणवेश नाही, हजेरीचा धाक कमी, कॅन्टीन आणि कट्टा हाताशी. मराठी माणसाच्या आठवणीत ‘कॉलेजचा पहिला दिवस’ अकरावीचा असतो, तो यामुळे.

निकाल कळण्याची पद्धत कशी बदलली?

एका पिढीने आपला निकाल वर्तमानपत्रात पाहिला. पानभर छापलेल्या आसन क्रमांकांत आपला क्रमांक सापडला तर पास, नाही सापडला तर नापास. नेमके गुण कळण्यासाठी गुणपत्रिका शाळेत येईपर्यंत थांबावे लागे. पुढच्या पिढीला शाळेच्या फलकासमोरची गर्दी आणि विभागीय मंडळाची गुणवत्ता यादी आठवते. ‘बोर्डात आला’ हा शब्दप्रयोग त्या यादीतला. यादीतील मुलांना पेढा भरवणाऱ्या आईवडिलांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात असे आणि त्याच आठवड्यात ते खासगी क्लासच्या जाहिरातीतही झळके. मुलांवरील ताण आणि अनावश्यक स्पर्धा वाढते, या कारणावरून ही यादी पुढे बंद झाली.

२००० नंतर सायबर कॅफेत दहा-वीस रुपये देऊन निकालाची प्रत काढण्याचे दिवस आले. आता निकाल मोबाइलवर दिसतो. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात, आसन क्रमांक आणि आईचे नाव. दुपारी एक वाजता लाखो जण एकाच क्षणी तेच पान उघडतात, म्हणून संकेतस्थळ अडखळते. १६ जुलै २०२१ रोजी तर ते कित्येक तास बंद पडले होते. आता मंडळ एकाहून अधिक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर निकाल देते, तो भार वाटला जावा यासाठीच. मात्र पडद्यावर दिसतो तो निकाल तात्पुरत्या माहितीसाठी. मूळ गुणपत्रिका काही दिवसांनी शाळेतूनच घ्यावी लागते.

गुण वाढले की मुले हुशार झाली?

गुणपत्रिकेवरील श्रेणीच्या रेषा बदललेल्या नाहीत. ३५ टक्क्यांना उत्तीर्ण, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ च्या पुढे विशेष प्रावीण्य. बदलली ती गुण मिळण्याची रचना. आज भाषा विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. हे २० गुण शाळा देते आणि ते बहुतेकांना जवळपास पूर्ण मिळतात. त्यांचा परिणाम किती, याचा प्रयोग राज्याने एकदा करून पाहिला आहे. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. गुण पुन्हा सुरू झाल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्क्यांवर गेला. अर्थात २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण देण्यात आले होते, हेही लक्षात घ्यायला हवे.

दुसरे कारण ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढली जाते. एखाद्या विद्यार्थ्याला पाच विषयांत ९० आणि गणितात ५० गुण असतील, तर सहा विषयांची सरासरी ८३.३३ टक्के येते. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने तीच ९० टक्के होते. त्यातच क्रीडा आणि कला क्षेत्रातील कामगिरीचे सवलतीचे गुण मिळतात. २०२५ मध्ये राज्यात २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के मिळाले, त्यामागे हे सगळे गणित आहे. त्यामुळे १९८५ चे ६५ टक्के आणि आजचे ९० टक्के शेजारी ठेवून हुशारीची तुलना करणे चुकीचे ठरते. मोजपट्टीच वेगळी आहे.

‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची वेळ का आली?

वाद होता राज्य मंडळ विरुद्ध इतर मंडळे असा. सीबीएसई आणि आयसीएसईच्या विद्यार्थ्यांना जास्त गुण मिळतात आणि नामवंत कॉलेजांतील जागा ते पटकावतात, ही मुंबई-पुण्यातील पालकांची तक्रार होती. त्यावर सरकारने लागोपाठ तीन वर्षे तीन उपाय काढले. २००८ मध्ये ‘पर्सेंटाइल’चे सूत्र आणले. ते मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना आणि १० टक्के इतरांना, असे ‘९०:१०’ धोरण जाहीर झाले. तेही उच्च न्यायालयाने रद्द केले. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. उच्च न्यायालयाने ते फेटाळले, पण सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि ती पद्धत रुळली.

या तिन्ही वर्षांत निकाल हाती असूनही प्रवेश कधी होणार हे माहीत नसलेली मुले घरी बसून होती. २०२१ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. करोनामुळे परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर लागलेला निकाल ९९.९५ टक्के होता. मग अकरावीसाठी स्वतंत्र सीईटी जाहीर झाली आणि १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

रांगेतून ऑनलाइन प्रवेशाकडे वाटचाल कशी झाली?

पूर्वी प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा. सकाळी रांगेत उभे राहून माहितीपुस्तिका विकत घ्यायची, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या झेरॉक्स प्रती राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून आणायच्या आणि मग फलकावर पहिली, दुसरी, तिसरी यादी पाहत फिरायचे. यात एक मोठा दोष होता. ९० टक्क्यांचा एकच विद्यार्थी पाच कॉलेजांच्या पहिल्या यादीत असे. तो एका ठिकाणी प्रवेश घेई आणि उरलेल्या चार जागा दुसऱ्या यादीपर्यंत अडकून पडत. ज्याला फिरणे, पैसे भरणे, ओळख काढणे जमे, त्याला फायदा होई.

केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात हा दोष काढला गेला. विद्यार्थी पसंतीक्रम देतो, संगणक गुण आणि आरक्षणानुसार सर्वांची क्रमवारी लावतो आणि एका विद्यार्थ्याला एका फेरीत एकच जागा देतो. मुंबई महानगर क्षेत्रात ही पद्धत २००९ मध्ये सुरू झाली. पुढे पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती या महापालिका क्षेत्रांत ती आली आणि २०२५ पासून संपूर्ण राज्याला लागू झाली. २१ मे २०२५ रोजी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि २६ मेपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. गावातल्या एकमेव कनिष्ठ महाविद्यालयात चालत जाऊन प्रवेश घेणाऱ्या मुलांनाही आता मोबाइल किंवा सेतू केंद्र गाठावे लागते, हा आक्षेप त्यामुळे आणखी टोकदार झाला.

जागा रिकाम्या राहतात, मग स्पर्धा कसली?

२०२५ मध्ये दहावी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी साडेचौदा लाखांच्या घरात होते आणि अकरावीच्या जागा सुमारे २१ लाख. म्हणजे अकरावीला जागा मिळत नाही, असे चित्र नाही. स्पर्धा आहे ती मोजक्या शहरांतील मोजक्या कॉलेजांच्या विज्ञान आणि वाणिज्य शाखेसाठी. तिथेही सगळ्या जागा खुल्या स्पर्धेत नसतात. अल्पसंख्याक संस्थांत ५० टक्के जागा त्या समाजासाठी, ५ टक्के व्यवस्थापन कोट्यात आणि १० टक्के संस्थांतर्गत कोट्यात जातात. त्यानंतर सामाजिक आरक्षण. उरलेल्या थोड्या जागांवर हजारो अर्ज येतात आणि कट-ऑफ दशांशात वर सरकतो.

दुसरीकडे, विज्ञान शाखेतील अनेक विद्यार्थी कॉलेज निवडतात ते वर्गात न बसण्यासाठीच. खासगी क्लासशी संधान असलेल्या ‘टाय-अप’ कॉलेजांत नाव असते, अभ्यास क्लासमध्ये होतो. हे रोखण्यासाठी २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय घेतला, तरी ही पद्धत संपलेली नाही. आईवडिलांच्या आठवणीतला कट्टा यातील अनेक मुलांच्या वाट्याला येतच नाही.

पसंतीक्रम भरताना काय लक्षात ठेवावे?

जास्तीत जास्त दहा कॉलेजे देता येतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घेणे बंधनकारक असते. तो नाकारल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून ‘बघू मिळते का’ म्हणून घरापासून दोन तासांवरचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकणे अंगाशी येऊ शकते. आदल्या वर्षीचा कट-ऑफ पाहून काही कॉलेजे आपल्या गुणांच्या वर, काही आसपास आणि दोन-तीन खात्रीची खाली, अशी मांडणी उपयोगी पडते. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र यांसाठी निकालाची वाट पाहू नये. गुणपत्रिकेवरील नावाचे स्पेलिंग मात्र हाती आल्या दिवशीच तपासावे.

गुण कमी पडले तर?

गुणांबाबत शंका असेल तर मंडळाकडे गुणपडताळणीचा किंवा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असल्यास आधी छायाप्रत घ्यावीच लागते. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत बसता येते. २०१५ पासून जुलैच्या आसपास पुरवणी परीक्षाही होते. पूर्वी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे आणि एका विषयासाठी वर्ष जाई. तो काळ गेला आहे. उत्तीर्ण विद्यार्थ्यांना गुण वाढवण्यासाठी श्रेणीसुधार योजना आहे. आयटीआय आणि तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका यांचे प्रवेश वेगळे होतात. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते, हे अनेक घरांत उशिरा कळते.

या दिवसांत मुलांच्या बोलण्यात टोकाची निराशा जाणवली तर ती ‘नाटक’ समजू नये. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

पुढे या गुणांना किंमत किती?

अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी किंवा जेईई, वैद्यकीयसाठी नीट, अशी प्रवेशाची सूत्रे आता वेगळ्या परीक्षांकडे गेली आहेत. तिथे दहावीचे टक्के विचारले जात नाहीत. तरीही ते पूर्ण पुसले जात नाहीत. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. कॅम्पस मुलाखतींत अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी ६० टक्क्यांची अट घालतात. जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचे प्रमाणपत्र पुढे वर्षानुवर्षे लागते.

म्हणजे ६० ची रेषा आजोबांच्या काळात मानाची होती, आज ती अनेक नोकऱ्यांच्या दाराशी पात्रतेची आहे. त्यापुढचे ८८ की ९१ हा फरक एका कॉलेजचे नाव ठरवतो. दोन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यासमोर सीईटीची प्रश्नपत्रिका येते, तेव्हा हा फरक कामाला येत नाही. त्या दोन वर्षांत केलेला अभ्यास येतो.