उरले ते दगड

बीजिंगच्या वायव्येला, मोठाल्या विद्यापीठांच्या शेजारी, युआनमिंगयुआनचे अवशेष आहेत. पांढऱ्या दगडाचे कोरीव खांब गवतात आडवेतिडवे पडलेले, मध्येच एखादी अर्धी कमान. चीनमधल्या प्रत्येक शाळकरी मुलाला हे चित्र ओळखीचं आहे. पण मूळ राजवाडा काही असा दिसत नव्हता. हे दगड आहेत ते युरोपीय धाटणीच्या इमारतींचे, आणि त्या इमारतींनी साऱ्या बागेचा जेमतेम दोन टक्के भाग व्यापला होता. बाकीचं सगळं लाकूड, कौलं आणि पाणी. त्यातलं लाकूड जळून गेलं.

इंग्रजांनी त्याला ‘उन्हाळी राजवाडा’ म्हटलं आणि तेच नाव जगभर झालं. ते नाव फसवं आहे. १७०७ मध्ये कांग्शी बादशहाने ही बाग आपल्या मुलाला दिली. तो मुलगा योंगझेंग म्हणून गादीवर बसला आणि त्याने इथेच दरबार भरवायला सुरुवात केली. पुढचे बादशहा वर्षातला बराच काळ इथे राहत, इथूनच राज्यकारभार पाहत. शहरातल्या लाल भिंतींआडचा राजवाडा विधी-सोहळ्यांचा, आणि हे खरं घर. योंगझेंगने १७३५ मध्ये प्राणही इथेच सोडला.

बागेला पूर्ण रूप दिलं ते योंगझेंगच्या मुलाने, छ्येनलोंगने. शेजारच्या दोन बागा धरून सुमारे साडेतीनशे हेक्टरांचा विस्तार. त्यात खणलेली तळी, त्याच मातीच्या टेकड्या, दक्षिणेतल्या प्रसिद्ध बागांच्या प्रतिकृती. एक बाजारपेठसुद्धा होती. बादशहाला रस्त्यावर मोकळं फिरता येत नसे, म्हणून खोजे दुकानदार, हमाल आणि गिऱ्हाईक होऊन तिथे घासाघीस करत.

युरोपीय इमारतींची आखणी केली जुझेप्पे कास्तिल्योने या इटालियन जेझुइट चित्रकाराने. कारंज्यांचं काम मिशेल बनवा या फ्रेंच धर्मगुरूकडे आलं. त्याचं सगळ्यात देखणं काम म्हणजे पाण्याचं घड्याळ. हौदाच्या दोन्ही बाजूंना बारा आकृत्या बसलेल्या. अंग माणसाचं, दगडी, आणि डोकं कांस्याचं: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. चिनी दिवसाचे प्रहर बारा, प्रत्येक दोन तासांचा. ज्याचा प्रहर त्याच्या तोंडातून पाण्याची धार. भर दुपारी बाराही तोंडांतून एकदम. १७७४ मध्ये बनवा वारला आणि पाणी वर चढवणारं यंत्र हळूहळू बंद पडलं. मग बादशहाची स्वारी यायची असली, की माणसं बादल्यांनी टाकी भरून ठेवत. मला या बादल्या वाहणाऱ्यांची फार आठवण होते. त्यांच्या खांद्यांवर ते घड्याळ चाललं.

मग अफूचं दुसरं युद्ध आलं, आणि इथे मुंबईचा संबंध येतो. माळव्यातली अफू मुंबई बंदरातूनच चीनला जायची. ज्यांच्या नावाचं रुग्णालय आणि कलाशाळा आपण रोज पाहतो, त्या जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीतही या व्यापाराचा मोठा वाटा होता. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौज बीजिंगवर चालून गेली. तिच्यात हिंदुस्थानी पलटणीही होत्या. शांततेचं निशाण घेऊन गेलेल्या ३९ जणांना चिन्यांनी पकडलं आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास छळाने मेले. मेलेल्यांत हिंदुस्थानी स्वारही होते. फौजा बागेपर्यंत पोचण्याआधीच तेव्हाचा बादशहा ईशान्येला पळाला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फौजा बागेत घुसल्या आणि लूट सुरू झाली. बागेचा कारभारी वनफेंग याने तळ्यात जीव दिला.

१८ ऑक्टोबरला ब्रिटिश दूत लॉर्ड एल्गिनने बाग जाळायचा हुकूम दिला. कैद्यांच्या छळाची शिक्षा प्रजेला नव्हे, बादशहाला व्हावी, असं त्याचं म्हणणं. लुटीत पुढे असलेल्या फ्रेंचांनीही यात भाग घ्यायला नकार दिला. दोन दिवस आग चालली. मला एल्गिनचा हा युक्तिवाद कधीच पटला नाही. मेलेल्या कैद्यांचं दुःख खरं होतं, पण दीडशे वर्षांचं काम, ग्रंथालयासकट, त्याची भरपाई कशी होणार होती? हाच एल्गिन १८६२ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. पुढच्याच वर्षी तो धर्मशाळेला वारला; त्याची कबर तिथल्या चर्चच्या आवारात आहे.

आगीनंतरही बाग उजाड होतच राहिली. १८७३ मध्ये दुरुस्तीचा घाट घातला गेला, पण खजिन्यात पैसा नव्हता. १९०० च्या बंडाच्या धामधुमीत उरलंसुरलं लाकूड गेलं, नंतर लोकांनी दगड आणि विटा नेल्या. जड कोरीव खांब तेवढे कुणाला हलवता आले नाहीत.

पाण्याच्या घड्याळाच्या बारा डोक्यांपैकी सात आतापर्यंत चीनला परत मिळाली आहेत, काही लिलावात मोठी किंमत मोजून, काही भेट म्हणून. घोड्याचं डोकं मकावच्या स्टॅनली हो यांनी २००७ मध्ये विकत घेतलं, आणि २०२० मध्ये ते बागेतल्याच एका जुन्या देवळात ठेवलं गेलं. त्याचा प्रहर सकाळी अकरा ते दुपारी एकचा. कारंज्याची जागा बागेच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि हौद कोरडा.