तळ्यातील व्रणरोग

हिंगोली जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही; तथापि पूर्णेवरील सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर या जलाशयांमुळे मत्स्यव्यवसाय येथे परका राहिलेला नाही. थंडीत पाणी गार होऊन माशाची प्रतिकारशक्ती मंदावली, म्हणजे कटला-मृगळाच्या अंगावर प्रथम तांबडा डाग उमटतो, मग खवले गळतात आणि अखेरीस खोल व्रण पडून मांस उघडे होते. भारतात १९८८ साली प्रथम ईशान्येकडे आढळलेला हा रोग ‘अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स’ नामक, दिसावयास बुरशीसारख्या परंतु वंशाने तिच्याहून निराळ्या सूक्ष्मजीवामुळे होतो; त्याचे बीजाणू पाण्यात पोहत येऊन कातडीच्या जखमेतून शिरतात, आणि एरोमोनाससारखे जिवाणू मागाहून त्या व्रणावर आपला अंमल बसवितात. म्हणूनच केवळ जिवाणुनाशक औषधांवर पैसा खर्चणे व्यर्थ होय. प्रतिबंधावरच भिस्त ठेवावी लागते. सबब मत्स्यपालकांनी हिवाळ्यापूर्वी पाण्याची तपासणी करून तज्ज्ञाच्या सल्ल्याने चुना घालावा, बोटुकली निरोगी पाहूनच घ्यावी, जाळी कडक उन्हात वाळवूनच दुसऱ्या तळ्यात उतरवावीत, आणि मेलेला मासा पाण्यात न सोडता चुन्यासह दूर पुरावा.